वशीकरणाचा काढा: भिवंडीतल्या होतकरू प्रेमिकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

भिवंडीत प्रेमात पडलेल्या माणसाला दोन गोष्टी कधी मिळत नाहीत: वेळ आणि एकांत. दिवस यंत्रमागावर जातो, संध्याकाळ अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. अशा माणसाची नजर मग रिक्षात चिकटवलेल्या एखाद्या बाबाच्या पत्रकावर पडते. मनासारखा जोडीदार, रुसलेलं माणूस परत, काम चोवीस तासांत, खात्री शंभर टक्के. पत्रक खोटं बोलतंय असं आम्ही एवढ्यात म्हणत नाही. पैसे मोजण्याआधी या धंद्यातला आजवरचा अनुभव तेवढा पाहून घ्या. तो अथर्ववेदापासूनचा आहे आणि बहुतेक ठिकाणी अंगाशी आलेला आहे.

साहित्य: एक प्रेम (एकतर्फी चालेल), एक बाटली, एक बाबा, आणि नशिबाला दोष देण्याची तयारी. शेवटचा जिन्नस भरपूर घ्यावा, तो प्रत्येक पायरीला लागतो.

पायरी 1: मूळ ग्रंथ पाहा. वात्स्यायनाच्या कामसूत्राचं सातवं अधिकरण, औपनिषदिक, याच कामासाठी आहे. लेप, अंजनं, चूर्णं, सगळं त्यात सापडेल. नवशिके थेट पाककृतीवर उडी मारतात, तसं करू नका. आरंभीच वात्स्यायन बजावतो की आधीच्या सहा अधिकरणांतल्या उपायांनी जमलं नाही, तरच इकडे या. मग तो माणसाला आवडता करणाऱ्या चार गोष्टी सांगतो: रूप, गुण, वय आणि दानत. लेपांचा नंबर त्यानंतर. अधिकरणाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी पुन्हा ताकीद आहे: ज्यांच्या परिणामाची शंका वाटते, ज्यांनी शरीराला अपाय होतो, ज्यांत जीवहत्या आहे किंवा घाणेरडे पदार्थ आहेत, असे प्रयोग करू नयेत. एवढी चाळणी लावल्यावर हातात साधारण आंघोळ आणि स्वच्छ कपडे उरतात. आंघोळीला वज्रेश्वरी-अकलोलीची गरम कुंडं आपल्याच तालुक्यात आहेत. केसांत अडकलेली कापसाची रुई निघाली, तरी निम्मं वशीकरण झालं म्हणायचं.

पायरी 2: विक्रेता निवडा. या बाबतीत दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराचा 1832 सालचा प्रेमाच्या काढ्यावरचा ऑपेरा डोळ्यांपुढे ठेवावा. गावातला गरीब पोरगा नेमोरिनो फिरत्या वैदूकडून प्रेमाचं औषध घेतो. बाटलीत असते साधी दारू. गुण यायला एक दिवस लागेल, असं वैदू सांगतो, कारण एका दिवसात त्याला गाव सोडायचं असतं. आपल्या पत्रकावरच्या ‘चोवीस तासां’चा उगम यापेक्षा वेगळा नसावा. दुसऱ्या बाटलीला पैसे नाहीत म्हणून पोरगा सैन्यात नाव घालतो. तेवढ्यात त्याचा श्रीमंत काका मरतो, वारसा त्याच्या नावावर होतो, गावातल्या पोरी त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्याला वाटतं, औषध लागू पडलं! धडा असा: औषध घेण्यापूर्वी नात्यातला एखादा श्रीमंत काका आजारी आहे का, याची चौकशी करावी. नसेल तर पैसे वाचवावेत.

पायरी 3: पेला योग्य हातात जाईल असं पाहा. ट्रिस्टन आणि इसोल्डच्या युरोपीय कथेत प्रेमाचं पेय नवरी आणि राजा मार्क यांच्यासाठी केलेलं असतं. प्रवासात ते नवरी इसोल्ड पिते आणि तिला आणायला गेलेला राजाचा भाचा ट्रिस्टन पितो. बंदोबस्तातल्या जहाजावर ही गत, तर आपल्या कारखान्यातल्या चहाची काय कथा? कटिंग आधी शेठला जातो, मग मेहताजीला, मग जॉबरला. तुमच्या मनातल्या माणसापर्यंत ग्लास पोचेपर्यंत अर्धा कारखाना तुमच्या प्रेमात असेल, आणि शेठ प्रेमात पडला म्हणून मजुरीचा भाव वाढतोच असं नाही.

पायरी 4: मुदत वाचा. बारोमास गुण देणारं औषध कथांतही दुर्मीळ आहे. बाराव्या शतकातल्या बेरूल या कवीच्या ट्रिस्टनकथेत पेयाचा असर तीन वर्षांनी उतरतो आणि रानात राहणाऱ्या त्या दोघांना एकदम राजवाडा आठवतो. म्हणजे लग्न, डिपॉझिट देऊन भाड्याने घेतलेली खोली आणि पहिलं मूल एवढं झाल्यावर शुद्ध येणार. कालावधी लेखी घ्यावा.

पायरी 5: नात्यात काय बदललं ते तपासा. कच-देवयानीचं उदाहरण घरचं आहे. खाडिलकरांनी 1913 मध्ये त्यावर ‘विद्याहरण’ नाटक लिहिलं. असुरांनी शुक्राचार्यांच्या शिष्याला, कचाला, जाळलं, राख मद्यात मिसळली आणि गुरूलाच पाजली. गुरूची मुलगी देवयानी हिने हट्ट धरला, गुरूने पोटातल्या शिष्याला मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकवली, कच पोट फाडून बाहेर आला आणि त्याने गुरूलाही उठवलं. इथवर सगळं यशस्वी. देवयानीने लग्नाचं विचारलं, तेव्हा कच म्हणाला, तुझ्या वडिलांच्या पोटातून जन्मलो, आता तू माझी बहीण. दोघांनी एकमेकांना शाप दिले आणि शुक्राचार्यांनी मद्याला. प्रियकर परत मिळाला, पण भाऊ होऊन. असा प्रकार घडल्यास रक्कम परत मिळत नाही.

पायरी 6: उरलेलं औषध कुठेही टाकू नका. नवनाथ भक्तिसारात मच्छिंद्रनाथ एका बाईला पुत्रासाठी भस्म देतात. शेजारणी तिला घाबरवतात, ती ते उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी नाथ येऊन हाक मारतात आणि उकिरड्यातून बारा वर्षांचा गोरक्ष बाहेर येतो. विधिलिखित असेल तर औषध न घेताही लागू पडतं. आणि नसेल? मग बाबा सांगतोच, ‘तुमच्याच नशिबात नव्हतं’. दोन्हीकडे फी मात्र बाबाची.

शंका-समाधान

*एवढे घोटाळे होतात, तर कथाकार औषध वापरतात कशाला?* कारण त्यांना एक अडचण सोडवायची असते. ट्रिस्टन मामाशी बेइमानी करतो, तरी तो नायक राहिला पाहिजे. मग पेय आणायचं आणि दोष पेल्यावर टाकायचा. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही भर सभेत नाकारतो. कालिदासाला असा नायक परवडेना, म्हणून त्याने दुर्वासाचा शाप घातला आणि राजाला विसराळू करून निर्दोष सोडवलं. काढा काय, शाप काय, नशीब काय, काम एकच: माणसाच्या करणीवरून माणसाचं नाव पुसणं. कथेत हे शोभतं, कारण पेला कथाकाराने भरलेला असतो. भिवंडीत तो तुम्ही भरणार, तेव्हा नाव तुमचंच लागणार.

*एखाद्या जाणत्या बाईचं मत?* वनपर्वात सत्यभामेने द्रौपदीला विचारलं, पाच नवरे तुझ्या मुठीत कसे? व्रत, मंत्र, की एखादी मुळी? द्रौपदी चिडली. बायको मंत्र-मुळ्या वापरते हे कळल्यावर नवऱ्याला घरात साप शिरल्यासारखी धास्ती बसते, असं ती म्हणाली. अशा औषधांनी काय होतं, याची यादीही तिने दिली: जलोदर, कोड, अकाली म्हातारपण, नपुंसकत्व, जडपणा, आंधळेपण, बहिरेपण. मग स्वतःची रीत सांगितली. त्यात राज्याच्या जमाखर्चावर लक्ष ठेवणंही होतं. तिची सगळीच रीत आज कुणी पाळणार नाही, पण यादी अजून खरी आहे. कुणाच्या नकळत त्याच्या पोटात काहीही घालणं, याला विषप्रयोगच म्हणतात.

*कायदा काय म्हणतो?* अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. अलौकिक शक्तीच्या नावाने फसवणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. कायद्यात यासाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पत्रकावरचा फोन नंबर त्याच्या कामाला येईल.

*मग आम्ही करायचं काय?* काढा म्हणजे समोरच्याचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क काढून घ्यायची युक्ती, एवढंच. तेव्हा बाटली बाजूला ठेवा, आंघोळ करा आणि शुद्धीत असलेल्या माणसाला शुद्धीत राहून विचारा. होकार आला तर तो तुमचा दोघांचा, त्याचं श्रेय कुठल्याही बाबाला देऊ नका. नकार आला तर मान द्या आणि पुन्हा विचारू नका.