एका होडीचा घसारा

मामलेदार कचेरीत तीस वर्षे कारकुनी करून, आणि त्यांतील शेवटची नऊ अव्वल कारकून या हुद्द्यावर काढून जो मनुष्य पेन्शनीवर घरी येतो, त्याच्या अंगी दुसरा कोणताही गुण असो वा नसो, जगातील यच्चयावत् स्थावर-जंगम वस्तूंची रास्त किंमत आपल्याला बसल्या जागी ठरवता येते असा एक दृढ समज मात्र त्याच्या ठायी निश्चित असतो. जिराईत जमीन, पडके घर, वारलेल्या इसमाची म्हैस, जप्तीत आलेले तांब्याचे हंडे, अशा नाना वस्तूंच्या किंमती मी पंचांसमक्ष ठरवल्या होत्या, आणि त्यांविरुद्ध एकही अपील यशस्वी झाले नव्हते; सबब १९५८ च्या वैशाखात जेव्हा मी एक वापरलेली होडी विकत घेण्याचे मनात आणले, तेव्हा त्या कामी मला कोणाच्या सल्ल्याची गरज पडेल अशी शंकाही मला शिवली नाही.

होडीचे प्रयोजन सांगतो. आमचे घर वाशिष्ठीच्या खाडीच्या या तीरावर आणि वडिलार्जित बावीस माड त्या तीरावर, अशी वाटणी आमच्या आजोबांनी कोणत्या मनःस्थितीत स्वीकारली हे ईश्वरच जाणे. मध्ये सरकारी ठेक्याची तर होती; परंतु तरीवरचा नावाडी हा कालमानाच्या बाबतीत स्वतंत्र संस्थानिक असल्यामुळे, सकाळी नारळ मोजावयास निघालेला मनुष्य पुष्कळदा तिन्हीसांजेला, नारळ न मोजताच, परत येई. पेन्शनरास वेळेची काय एवढी मातबरी, असे कोणी विचारील. पण ज्याला काही काम नसते त्यालाच दुसऱ्याने केलेला खोळंबा सर्वांत अधिक झोंबतो.

खालच्या वाडीतील एक वृद्ध तांडेल आपली होडी काढणार असल्याची बातमी लागताच मी प्रथम एक तक्ता तयार केला. नवी होडी बांधावयास पडणारा खर्च, होडीचे एकूण आयुष्य, त्यांतून उपभोगलेली वर्षे, आणि प्रतिवर्षी वजा करावयाचा घसारा, असे चार रकाने आखले की उत्तर आपोआप खाली उतरते, अशी माझी कल्पना होती. तिसऱ्या रकान्यापाशीच गाडी अडली. होडीचे वय किती, असे मी विचारताच तांडेल म्हणाले, "आज्यानं बांदली." मी साठ वर्षे लिहिली. तेव्हा ते म्हणाले, "तो पठाण तेवडा आज्याचा. फळ्या बापानं बदल्या केल्या. डाव्या अंगाच्या चार मी घातल्या, त्या औंदाच्या." पठाण म्हणजे होडीचा कणा, तो साठ वर्षांचा, अंग पंचवीस वर्षांचे, आणि डावी कूस अवघी सहा महिन्यांची! महसूल खात्यात अशा वयाच्या प्राण्यास पेन्शन देता येत नाही. अखेर कणा, फळ्या, फासळ्या, खिळे, वल्ही व सुकाणू यांचा घसारा पृथक् पृथक् काढून मी बेरीज केली, ती १८२ रुपये ३७ नवे पैसे इतकी भरली.

कारकुनाच्या स्वभावानुसार मी पूर्वदाखलाही शोधला. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. सागवानासारखी आपल्या राज्यातील लाकडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा-फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची खरी, परंतु ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, सबब त्यांस हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्णच झाले असेल तर धन्याचे मन वळवून, मोबदला देऊन, मगच तोडावे, असा त्यातील आशय. झाडाची होडी होण्यापूर्वीच्या किंमतीचा याहून उदार विचार मी वाचलेला नाही; फक्त होडी झाल्यावर, आणि तीही जुनी झाल्यावर काय करावे, याविषयी अमात्यांनी आम्हांस वाऱ्यावर सोडले आहे. आमच्या होडीच्या चार नव्या फळ्या फणसाच्या होत्या. त्या झाडाच्या धन्याची संमती घेतली होती काय, असे मी तांडेलांना विचारले असता, "फनस सासरचा," एवढेच उत्तर मिळाले.

होडी पाहावयाची तर ती ओहोटीला, उघडी पडलेली असताना पाहावी, एवढे मला ठाऊक होते. आणि ओहोटीची वेळ काढण्यास घड्याळाची नव्हे, पंचांगाची गरज असते हेही ठाऊक होते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटका मिळते. संकष्टीचा दिवस होता. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती आणि नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मी उपाशीपोटी नवाच्या ठोक्याला बंदरावर हजर झालो. तांडेल बारा वाजता आले. तोवर होडीचा अर्धा देह पाण्याखाली जाऊन, ती एखाद्या खानदानी विधवेप्रमाणे, पाहता येण्याजोगे काहीच दिसू न देता उभी होती. दुसऱ्या दिवशी पंचमी, ओहोटी पावणेदहाला. त्या दिवशी होडी संपूर्ण उघडी होती, परंतु रातोरात तिला नखशिखान्त डांबर फासण्यात आले होते, आणि ते अद्याप ओले असल्याने तिला हात लावणे म्हणजे आपल्याच धोतरावर पंचनामा लिहून घेणे होते.

या प्रसंगी माझ्यासोबत पंच म्हणून एक वृद्ध सुतार होते. त्यांनी डांबराची पर्वा न करता फळीफळीला कान लावून हातोडीने टकटक केली, वैद्याने नाडी पाहावी तसे डोळे मिटले, चाकूचे टोक दोन ठिकाणी खुपसून पाहिले, आणि खिळ्यांभोवतीचे लाकूड काळे पडले आहे काय हे वाकून न्याहाळले. कारण लोखंडी खिळा गंजू लागला की तो आपल्या शेजारचे लाकूडही सोबत घेऊन जातो. "कशी आहे?" मी विचारले. "बरी हाय," ते म्हणाले. "किती द्यावे?" "ते तुमचं तुमी." पुढे मला कळले की या पंचांनी उभयपक्षांकडून सुपारी घेतली होती, आणि त्यामुळे त्यांचा अभिप्राय, न्यायाच्या तराजूप्रमाणे, मध्यावरच स्थिर राहिला होता.

आमच्या कुटुंबाचे मत मात्र स्पष्ट पडले. मासळी घेताना कल्ला उचलून आतला रंग पाहिल्याखेरीज जिने आयुष्यात कधी टोपलीत हात घातला नाही, तिने धक्क्यावरूनच होडीकडे एक दृष्टिक्षेप टाकला आणि "ताजी नाही" असे सांगून ती घरी निघून गेली. तिचे ऐकले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

तांडेलांनी चारशे सांगितले. मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला व विचारले, "भाऊसाहेब, सगळं समाजलं, पन हे सदतीस कसले?"

"घसाऱ्याचे."

"दोन पोरींची लग्नं झाली हिच्यावर."

"मग तिने आपली किंमत तुम्हांला अगोदरच फेडली म्हणायची."

"म्हंजे कमावती हाय," तांडेल म्हणाले, "कमावतीला कोन सवस्त देतो?"

या युक्तिवादावर तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणतेही परिपत्रक आढळले नव्हते. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून दर ठरवतात, त्या पद्धतीची मी पूर्वी फार कुचेष्टा करीत असे. आता वाटते, तिच्यात मोठी सोय आहे, कारण तेथे निदान आपला चेहरा काय बोलतो आहे ते झाकण्यापुरते कापड तरी असते. माझ्या चेहऱ्यावरून तांडेलांनी एवढे वाचले की या गृहस्थाला तरीवरच्या नावाड्याचा सूड घ्यावयाचा आहे. आणि सूडाला घसारा नसतो. दुपारी, शेजारच्या पडवीत दोनदा चहा होऊन, शकुनाचा रुपया धरून, २५१ रुपयांस सौदा तुटला. वल्ही होडीबरोबर, दोर होडीबरोबर, नांगर मात्र वेगळा. "होडी म्हंजे होडी. नांगर म्हंजे नांगर," असे तांडेलांनी, जणू वेदान्तातील एखादे महावाक्य उच्चारावे अशा गांभीर्याने सांगितले. नांगर म्हणजे तरी काय, तर मधोमध भोक पाडलेला एक काळा दगड; पण त्याचे त्यांनी आठ रुपये मागितले.

येथे माझी विद्या कामास आली. खरेदीखत मीच लिहिले, आणि जमिनीच्या खतांवर आयुष्य गेल्यामुळे हाताला जी सवय जडली होती तीनुसार, सदरहू होडी जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह लिहून दिली असे, हे वाक्य त्यांत आपोआप उतरले. खत वाचून दाखवताना मी "पाषाण" या शब्दावर किंचित थांबलो, नांगराकडे पाहिले, आणि पुढे गेलो. तांडेलांनी अंगठा उठवल्यावर मी तो दगड रीतसर मागितला. ते काही क्षण खताकडे, काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "कागुद वंगाळ." पण दगड त्यांनी दिला. आठ रुपयांचा हा विजय मी त्या रात्री कुटुंबाला दोनदा सांगितला.

बाकीचे शब्दही किती खरे होते ते पुढे क्रमाक्रमाने कळत गेले. वैशाखात सौदा करण्यातील तांडेलांचे कौशल्य प्रथम ध्यानात आले. कारण पंधरा-वीस दिवसांतच होडी ओढून वर काढणे, ओंडक्यांवर ठेवणे व पावसासाठी माडाच्या झापांनी शाकारणे हा सारा खर्च माझ्या शिरावर पडला. श्रावणात नारळी पौर्णिमेस, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा ही वेळ साधून, आम्ही होडी पाण्यात लोटली. नारळ मी टाकला. नारळ तरंगला, होडीविषयी तसे म्हणता येत नव्हते. खतातील "जल" हा शब्द तळाच्या सर्व सांध्यांतून एकसमयावच्छेदेकरून वर येऊ लागला. तांडेल धक्क्यावर उभे होते. "सुकलीय ती. दोन दिस पानी पिऊ द्या, फळ्या फुगतील, मंग थेंब येनार नाय," ते म्हणाले. शास्त्र म्हणून हे अक्षरशः खरे आहे. सुकलेली फळी पाणी पिऊन फुगते आणि सांधा आपोआप मिटतो. आमच्या होडीने नऊ दिवस पाणी प्यायले आणि तिची तहान वाढतच गेली.

मग त्याच वृद्ध सुतारांस, यावेळी एकाच पक्षाच्या खर्चाने, पाचारण केले. त्यांनी जुन्या अंगाची एक फळी उचकटली, तो आतून ती मधाच्या पोळ्यासारखी पोखरलेली निघाली. खाऱ्या पाण्यात राहून लाकूड खाणारा हा जीव लांबट असल्यामुळे त्याला सर्वजण किडा म्हणतात, परंतु वस्तुतः तो शिंपल्यांच्या कुळातला, म्हणजे ज्या तिसऱ्यांचे कालवण आम्ही आवडीने ओरपतो त्यांचाच दूरचा आप्त आहे. ही सोयरीक कळल्यावर एवढेच वाटले की त्यांनी आपले उट्टे आमच्या होडीवर काढले. बाहेरून त्याचे भोक टाचणीच्या टोकाएवढे असते, आणि आत मात्र सबंध मुलूख त्याच्या ताब्यात गेलेला असतो. खतातले "निधी, निक्षेप" हेच असावेत. यावर उपाय काय, तर होडी काही दिवस वर गोड्या पाण्यात नेऊन ठेवावी. गोड्या पाण्यात हा प्राणी जगत नाही. पण हेही सांगण्यात आले की गोडे पाणी, विशेषतः पोटात साचलेले पावसाचे, लाकूड कुजवते, आणि खारे पाणी ते टिकवते. जे पाणी होडीला टिकवते तेच किड्याला पोसते, आणि जे किड्याला मारते तेच होडीला मारते, अशी ही व्यवस्था असल्याचे कळल्यावर मी तक्त्यातील "आयुष्य" हा रकाना खोडून टाकला. सहा फळ्या, तेलात भिजवलेला कापूस, खिळे व मजुरी मिळून त्या वर्षी १६४ रुपये गेले.

एवढे झाल्यावर मात्र होडी सुतासारखी चालली, आणि सहा वर्षे मी तरीवरच्या नावाड्याच्या समोरून, त्याच्याकडे न पाहता, जात-येत होतो. पण १९६४ साली माझ्या गुडघ्यांनी होडीत पाऊल टाकण्यास नकार दिला. नव्या पैशांतला "नवे" हा शब्द सरकारने त्याच वर्षी काढून घेतला होता. घसारा त्यांनाही चुकला नाही. मी होडी काढावयाचे ठरवले, आणि हे मी वैशाखात नव्हे, श्रावणात ठरवले.

गिऱ्हाईक म्हणून आले ते गावच्या हायस्कुलातील संस्कृतचे शिक्षक, घाटावरून नुकतेच बदलून आलेले. शाळा या तीरावर आणि बिऱ्हाड त्या तीरावर असल्यामुळे तरीवरच्या नावाड्याने त्यांनाही गांजले होते. त्यांनी खिशातून एक वही काढली. वहीत चार रकाने होते. उत्तर २०३ रुपये ६३ पैसे असे होते. मीही एक तक्ता केला होता, परंतु अनुभवाने शहाणा झाल्यामुळे त्यांत घसाऱ्याचा रकाना नव्हता. खरेदी २५१, दुरुस्ती १६४, आणि दरसाल बारा रुपयांप्रमाणे सहा वर्षांचे डांबर ७२, अशी निव्वळ बेरीज ४८७ होत होती.

"गुरुजी, सगळे समजले," मी म्हणालो, "पण हे त्रेसष्ट कसले?"

त्यांनी होडीचे वय विचारले, तेव्हा कणा तांडेलांच्या आजोबांचा असल्याचे मी सांगितले, आणि ते सांगताना माझ्या स्वरात किंचित कौटुंबिक अभिमान आला असे कुटुंबाचे म्हणणे आहे. तळाशी वीतभर पाणी दिसत होते. "दोन दिवस पिऊ द्या," मी म्हणालो. आदल्या दिवशी डांबर लावले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते गुरुजींच्या कोटाला लागलेच होते. अखेर ३०१ रुपयांस ठरले; वल्ही, दोर होडीबरोबर, नांगर वेगळा, त्याचे दहा रुपये.

खत मीच लिहिले, आणि गतानुभव लक्षात ठेवून अत्यंत सावधपणे लिहिले. गुरुजींनी चष्मा पुसून ते पहिल्यापासून वाचावयास घेतले, मधल्या ओळीवर येऊन ते थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले, आणि मग उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवीत पुटपुटू लागले: "जल, तरू, तृण, काष्ठ, निधी, निक्षेप..."

"सहाच भरतात," ते मान वर करून म्हणाले. "भाऊसाहेब, यात सातवे काहीतरी असते ना?"