पहिलं अपयश, दुसरं अपयश आणि पुढची सगळी

मृगाआधी घर शाकारून घ्यावं, हे रत्नागिरी तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडला मे महिन्यातच डांबर लागतं. त्याच शेडमधल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला मात्र वर्षानुवर्षं ठिगळ लागत नाही. तो गळताना कोणी पाहिलेला नसतो ना!

२००३ साली तो सगळ्या जगासमोर गळला. विंडोजमधल्या भोकासाठी मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला पॅच दिला होता. त्याच भोकातून शिरणारा 'ब्लास्टर' नावाचा वर्म ११ ऑगस्टला सुटला, ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर. मधले २६ दिवस पॅच पडून होता. मग विंडोज एक्सपीच्या पडद्यावर चौकट येऊ लागली: ६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होत आहे, काम जतन करा. पुन्हा चालू केला की पुन्हा तीच चौकट. पॅच मेगाबाइटभराहून मोठा. डायल-अपवर तो उतरायला काही मिनिटं लागायची आणि हातात सेकंद साठ.

यावर एक तोडगा होता, आणि तो खरोखर चालायचा. वर्म शिरताना आरपीसी नावाची सर्व्हिस कोसळायची, आणि ती कोसळली की अख्खा कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचा, असा हुकूम एक्सपीत मुळातच लिहिलेला होता. तो बदलायची सोय 'रिकव्हरी' नावाच्या पानावर होती. तिथे तीन रकाने: पहिलं अपयश, दुसरं अपयश आणि त्यानंतरची सगळी अपयशं. प्रत्येकापुढे चार पर्याय: सर्व्हिस पुन्हा चालू करा, एखादा प्रोग्राम चालवा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा किंवा काहीही करू नका. चौथा पर्याय इतक्या उघडपणे छापायची हिंमत आपल्या एकाही खात्याला अजून झालेली नाही.

आता समजा, एका कारखान्यात चौदा कॉम्प्युटर आहेत. प्रत्येकाजवळ जाऊन कोण बसणार? हार्डवेअरवाला पोरगा नोटपॅडमध्ये चौदा नावांची यादी करतो आणि बॅच फाइल लिहितो. ती हे पर्याय बदलणारा 'एससी' हा आदेश प्रत्येक मशिनला पाठवते. या आदेशात बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा मोकळी सोडावीच लागते. नाही सोडली तर आदेश चालतच नाही. अर्धा दिवस त्या जागेत जातो.

उरलेला अर्धा त्याहून गमतीत. दूरच्या मशिनपर्यंत हा आदेश पोचतो तो आरपीसीवरूनच. म्हणजे ज्या नावाची सर्व्हिस पडली म्हणून निरोप पाठवायचा, त्याच नावाच्या वाटेने पाठवायचा. मशीन चालू होऊन पुन्हा आडवं पडेपर्यंतच्या फटीत स्क्रिप्टने त्याला गाठायचं. मयताला त्याच्याच मोबाइलवर फोन करून बातमी द्यावी, तसं.

"शेठ, आता बंद पडणार नाही," पोरगा सांगतो. पडतही नाही. फक्त कॉपी-पेस्ट होत नाही, नेटवर्कची खिडकी कोरी उघडते. पण पडदा उजळलेला असतो, शेठ खूश असतात आणि पॅच सोमवारवर जातो. खरं तर हा तोडगा सोमवारसाठी नव्हताच. पॅच उतरवण्यापुरती सवड काढण्यासाठी होता.

ज्यांनी पॅच बसवला नाही त्यांच्याकडे १८ ऑगस्टला तो बसवायला दुसराच वर्म आला. नाव 'नाची'. त्याच भोकातून शिरायचा, ब्लास्टर काढायचा, पॅच उतरवून बसवायचा आणि पुढचं घर शोधताना सगळं नेटवर्क तुंबवायचा. आगंतुक शेजारी कौलं बसवून देतो, पण त्याची शिडी आठ दिवस आपल्या दारात आडवी.

ही जुनी कथा म्हणावी, तर २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या'ने न्हावाशेव्यात मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. तिथे निव्वळ पॅचचा प्रश्न नव्हता, कारण तो वर्म चोरलेल्या पासवर्डवरही पसरत होता. पण पसरायचं एक भोक मार्चमध्येच बुजवता आलं असतं. कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितलं, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

आपल्या त्या कारखान्यातले तेरा कॉम्प्युटर आता नवे आहेत. चौदावा वजनकाट्यावरचा. त्यात अजून एक्सपी आहे, ज्याचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला. त्याच्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि वर स्केचपेनने लिहिलंय: 'बंद करू नये. चालू होत नाही.'