सोन्याच्या मुलखातली डबी

कॅलिफोर्नियातल्या ४९ नंबरच्या रस्त्याला हा आकडा १८४९ साली सोन्याच्या लोभानं इथं येऊन थडकलेल्या लोकांमुळे मिळाला. आम्ही त्यांच्याच वाटेनं निघालो होतो, डबी शोधायला.

भाच्याला जिओकॅशिंगचं वेड आहे. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारनं जागा दाखवणाऱ्या उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ओरेगॉनमध्ये एकानं रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर लोक डब्या लपवतात, लोक शोधतात. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तिथेच ठेवायची.

"म्हणजे घरी काही आणायचं नाही?" हिनं विचारलं.

"नाही मामी."

"मग पेट्रोल कशाला जाळतोयस?"

कोलोमाला २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला लाकूडगिरणीच्या पाटात सोनं चमकताना दिसलं. टेकडीवर त्याचा पुतळा आहे आणि तो बोटानं नेमकी ती जागा दाखवतो. एवढी सरळ खूण कुठल्याही डबीवाल्यानं आजवर दिलेली नसेल. मार्शल मात्र कंगाल होऊन मेला. खरा शहाणा सॅम ब्रॅनन! त्यानं आधी घमेली-फावडी विकत घेऊन दुकानात भरली, मग सोन्याची बाटली नाचवत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर "सोनं! सोनं!" म्हणून बोंब ठोकली. आमच्या घराण्यात असा माणूस झाला नाही. झाला तो हा भाचा.

प्लॅसरव्हिलच्या वाटेवर त्यानं गाडी थांबवली. फोन म्हणाला, तीन मीटर. पुढे गेलो, तीन मीटर. मागे आलो, तीन मीटर. कठड्यापाशी बेलासारखी त्रिदळं दिसली म्हणून मी श्रद्धेनं हात पुढे केला.

"मामा, पॉयझन ओक! आठवडाभर खाजवत बसाल!"

मी हात खिशात घातले. महादेवाची क्षमा मागितली.

तेवढ्यात एक म्हातारा ट्रक थांबवून उतरला. काही हरवलं का? परक्याला खेळ कळू द्यायचा नाही, हा नियम. भाचा म्हणाला, "मामांचा चष्मा." चष्मा माझ्या नाकावर होता. म्हाताऱ्याला दूरचं कमी दिसत असावं, कारण तो बिचारा गुडघ्यांवर बसून कठडा चाचपू लागला आणि आम्हाला न सापडलेली डबी त्यानं क्षणात उपटून काढली. उलटसुलट करून पाहिली. "लोक काय काय कचरा टाकतात," असं पुटपुटत ती ट्रकमध्ये फेकली आणि निघाला.

भाचा मटकन खाली बसला. मग एकदम उठून गाडीकडे धावला. ज्या गावात माणसं फासावर लटकवत म्हणून त्याला एकेकाळी हँगटाऊन म्हणत, त्या प्लॅसरव्हिलच्या सिग्नलला आम्ही ट्रक गाठला. भाचा हात जोडून हॉर्न वाजवत होता.

म्हाताऱ्यानं काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं आणि खुलून ओरडला, "अरे वा, सापडला!"