एकच मिनिट बोलतो

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, म्हणून नवी मुंबईत ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी स्टिल्टखाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर उरकली जाते. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, हे नोटिशीतच छापलेलं असतं. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासाला हजर असतात ते फक्त एकमिनिटकाका. काखेत तीन वर्षांचे अहवाल, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. ताळेबंदाचा विषय निघाला की ते ‘एकच मिनिट बोलतो’ म्हणून उठतात आणि ताळेबंदावरून लिफ्टच्या पंख्यावर, पंख्यावरून वॉचमनच्या झोपेवर, तिथून दोन चेअरमनांपूर्वीच्या चेअरमनवर जातात. सेक्रेटरी म्हणतात, ‘मुद्द्यावर या.’ ‘त्याच्यावरच येतोय!’ सभा रखडली की सगळी सोसायटी काकांच्या नावाने बोटं मोडते. हा शुद्ध अन्याय आहे. सभेचा विचका बोलणाऱ्या काकांपेक्षा न बोलणारे जास्त करतात.

पुरावा कार्यक्रमपत्रिकेतच सापडतो. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर उपविधींनुसार दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. तो विषय ‘सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर’ एवढ्यात आटोपतो, कारण कॉलमच्या आतला गंज कुणाला दिसलेला नसतो. पुढचा विषय जिन्याच्या रंगाचा. रंग सगळ्यांनाच कळतो, त्यामुळे तिथे तास जातो. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ मध्ये हेच दाखवलं होतं: त्याच्या समितीत अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि सायकलींच्या शेडवर खल चालतो. त्या समितीत आपले काका नव्हते. आमच्याकडे मात्र तिसऱ्या रांगेत मोबाइलवर मॅच बघणारे, कशालाही अनुमोदन देणारे आणि ‘सगळ्यांचं तेच आमचं’ म्हणणारे काकांच्या आडोशाला निवांत बसतात. निर्णय टळला की खापर फोडायला डोकं तयारच असतं.

काकांना बसवलं तर सभा वेळेत संपेल, असं कुणी म्हणेल. संपेल की! पण पाल्हाळात सातव्या मिनिटाला काकांनी विचारलेलं असतं, ‘वॉटरप्रूफिंगच्या बिलाला कोटेशनं किती मागवली?’ अख्ख्या सभेतला हा एकच कामाचा प्रश्न, आणि तोवर सगळ्यांचे कान मिटलेले. हा दोष मात्र काकांचाच, ऐकणाऱ्यांचा संयम ते आधीच संपवून बसतात. दुसरा उपाय व्हॉट्सअॅपवरच्या मतदानाचा सांगतात. तिथे लिफ्टच्या मतदानाखाली कुणाची मांजर हरवते, वर सुप्रभात येतं आणि एका फ्लॅटची तीन मतं पडतात, त्यातलं एक भाडेकरूचं.

स्वभाव बदलत नाहीत, नियम थोडेफार बदलतात. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या जेएन इमारतींसारखा पुनर्विकासाचा प्रश्न आला की अर्ध्या तासाच्या तहकुबीची पळवाट बंद होते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार त्या सभेला दोन तृतीयांश सभासद लागतात, ५१ टक्क्यांची संमती लागते, वर चित्रीकरणही होतं. कॅमेरा फिरायला लागला की तिसऱ्या रांगेतले मोबाइल खिशात जातात. विषय असतो स्वतःच्या कार्पेट एरियाचा, दरमहा भाड्याचा, कॉर्पसचा. सकाळी दहाची सभा दुपारी दोनपर्यंत लांबते ती काकांमुळे नाही. ते बिचारे हात वर करून ताटकळत असतात, कारण त्यांच्या आधी ‘एकच मिनिट’ मागणारे चाळीस जण उभे असतात.