मोजायला काय लागतं!

नेटवर्कवरून किती पॅकेटं गेली हे मोजणं म्हणजे कर्नलमधलं सगळ्यात फडतूस काम, असं माझं ठाम मत होतं. आकड्यात एक मिळवायचा, त्यात अक्कल कसली? ड्रायव्हरचा तो भाग मी दुपारी जेवणानंतरच्या गुंगीत लिहिला.

सगळ्या प्रोसेसरांनी एकच आकडा वाढवायचा तर कॅश लाइनची नुसती ओढाताण. म्हणून ज्याचा त्याला आकडा. विचारणारा आला की बेरीज. इथवर मी हुशार. पण ३२ बिटी प्रोसेसर ६४ बिटांचा आकडा सहसा दोन तुकड्यांत लिहितो. बाइटांची मोजणी ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे एकाने सरकली आणि हातचा वर पोचायच्या आत कुणी वाचलं, तर चार जीबी गायब!

लिनक्समध्ये २०१० पासून यावर तोड आहे. आकड्याशेजारी एक क्रमांक. लिहायला बसताना तो एकाने वाढवायचा, उठताना पुन्हा एकाने. विषम दिसला की वाचणाऱ्याने थांबायचं. खिडकीवरची ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटीच ती. अट एवढीच, की एका वेळी लिहिणारा एकच. नाहीतर वाचणारे कायमचे अडकतील. हे त्या सोयीच्या हेडर फाइलच्या डोक्यावरच लिहिलंय. परवान्याचा मजकूर समजून मी तो भरधाव ओलांडला होता.

माझ्या ६४ बिटी लॅपटॉपवर सगळं झकास. असणारच, तिथे ती पाटीच नसते. ग्राहकाच्या जुन्या, दोन कोअरच्या ३२ बिटी बोर्डावरही पॅकेटं सुसाट. फक्त ‘किती गेली?’ विचारलं की कमांड परतच येईना.

“सर, नुसतं आयएफकॉन्फिग केलं हो!” तिकडचा मुलगा रडवेला.

“मग करू नकोस ना.”

झालं होतं असं: माझा कोड पहिल्या कोअरच्या आकड्याचा पत्ता खिशात घालून निघायचा, वाटेत शेड्युलर त्याला उचलून दुसऱ्या कोअरवर टाकायचा, आणि तिथूनही हा पहिल्याच्याच वहीत लिहायचा. त्याच वेळी पहिला कोअरही तिथेच लिहायला बसला. क्रमांक दोघांनी ४० वाचला, दोघांनी ४१ लिहिला. उठताना एकाने ४२ केला, दुसऱ्याने ४३. तेव्हापासून पाटी उलटी! कारकून लिहीत असताना खिडकी उघडी, रिकामा बसला की बंद.

टीममधल्या नव्या मुलीने हे शोधलं. पत्ता घेण्याआधी बॉटम हाफ (इंटरप्टचं मागाहून उरकायचं काम) बंद, लिहून झाल्यावर चालू; मधल्या वेळात शेड्युलरलाही कोड उचलता येत नाही. दोन ओळी.

“सर, वरची कॉमेंट वाचली होती ना?”

“अर्थात.”

त्या दोन ओळींचं वर्णन मी इतकं विद्वत्ताप्रचुर लिहिलं, की मॅनेजरने मला याच विषयावर सगळ्यांपुढे बोलायला सांगितलंय. स्लाइड्स ती करतेय.