मानीव नवरदेव

आमच्या भाच्याचं लग्न डिसेंबरात ठरलं. एरंडवण्यातलं कार्यालय बुक झालं, केटररला ॲडव्हान्स गेला, गुरुजींनी मुहूर्त काढून दिला, मुलीच्या आईने शालूसुद्धा घेतला. राहता राहिला नवरदेव. तो जर्मनीत होता, आणि यापुढे तो तिथे राहू शकतो की नाही, हे तिथल्या एका कचेरीने अजून ठरवलं नव्हतं.

कुठल्या शहरातली कचेरी ते सांगणार नाही. भाच्याने तसं बजावलं आहे. पुढचं कार्डही त्याच टेबलावरून यायचं आहे.

मुलगा आमच्या ताईचा, त्यामुळे वेंधळेपणाचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. ब्लू कार्डची, म्हणजे तिथल्या नोकरी-वास्तव्याच्या परवान्याची, मुदत सप्टेंबरात संपणार म्हणून त्याने जूनच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, आरोग्यविमा, राहत्या घराच्या नोंदणीचा दाखला, सगळं जोडून. उत्तर एका मिनिटात आलं. आपला अर्ज मिळाला, कृपया अर्जाबद्दल पुन्हा विचारणा करू नये, विचारणांमुळे कामाला उशीर होतो. जर्मन माणूस शब्दाचा पक्का. भाच्याने सात वेळा विचारलं आणि सातही वेळा उशीर झाला.

परदेशी माणसांची कामं बघणाऱ्या अशा कचेऱ्या जर्मनीत साडेपाचशेच्या आसपास आहेत. कायदा देशभर एकच. पण ज्या गावात आपण राहतो तिथलीच कचेरी आपली. शेजारच्या गावात पंधरा दिवसांत काम होतं हे ऐकायचं, सुस्कारा टाकायचा आणि आपल्या दारात उभं राहायचं. रेशन दुकान बदलून मिळत नसे, त्यातलाच प्रकार.

सप्टेंबरात जुनं कार्ड संपलं आणि टपालाने एक हिरवट घडीचा कागद आला. ताईने व्हिडिओ कॉलवर त्याचं नाव वाचायचा प्रयत्न केला. फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. तिसऱ्या प्रयत्नात तिला ठसका लागला.

"म्हणजे काय रे?"

"फिक्शनचा दाखला."

"म्हणजे गोष्टीतला?"

"तसंच काहीसं."

ताई गप्प झाली. मुलीकडच्यांना पत्रिका दाखवून झाली होती, पगार सांगून झाला होता. आता मुलगा काल्पनिक आहे असं सरकारी कागदावर आलेलं कोणत्या तोंडाने सांगायचं?

इथे भावजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. भावजी त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गेली कित्येक वर्षं त्यांचं आयुष्य एकाच शब्दाभोवती फिरतंय. मानीव अभिहस्तांतरण. वाचकांपैकी जे फ्लॅटमध्ये राहतात त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. तो देत नाही. मग सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, आणि बिल्डरने ती दिली आहे असं त्यांनी मानायचं. बिल्डरने काही केलेलं नसतं, पण केलं असं धरून पुढे चालायचं. म्हणून मानीव.

"अगं, हा मानीव दाखला आहे," भावजी म्हणाले. "कचेरीने मुदत वाढवून दिलेली नाही. पण अर्ज वेळेत केलाय, म्हणून निकाल लागेपर्यंत जुनं कार्ड चालूच आहे असं मानायचं."

जर्मनीच्या वास्तव्य कायद्याच्या ८१ व्या कलमाचा इतका सुबोध अर्थ मी नंतर कुठेही ऐकला नाही. वकिलाकडेही नाही.

कागदाच्या आतल्या पानावर तीन चौकोन असतात. त्यातल्या कुठल्या चौकोनात फुली आहे यावर माणसाचं नशीब. जुन्या परवान्याची मुदत वाढवायला टाकली असेल तर एक चौकोन. त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्यांदाच अर्ज केला असेल तर दुसरा. त्यावर राहता येतं, पण बाहेर गेलात तर परत यायची वाट नाही. भाच्याची फुली योग्य चौकोनात होती. फक्त त्या दाखल्यालाही स्वतःची मुदत होती. पाच डिसेंबर. मुहूर्त होता चौदाचा.

आता कायद्याची मदत घेणं भाग होतं. मराठी माणूस कायद्याची मदत ज्या क्रमाने घेतो त्याच क्रमाने ती घेतली गेली. आधी ग्रुपवर विचारलं.

त्या शहरातल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गणपती, कांदेपोहे, वापरलेला सोफा आणि वास्तव्य परवाना हे त्याचे विषय. भाच्याचा प्रश्न पडल्यावर अर्ध्या तासात चाळीस उत्तरं आली. एकाने बिनधास्त जा म्हटलं. एकाने चुकूनही जाऊ नकोस म्हटलं. एक जण म्हणाला, पहाटे चारला कचेरीबाहेर उभा राहा, माझं तसंच झालं. हे २०१६ सालचं होतं. कोणी अपॉइंटमेंट विकणाऱ्याचा नंबर दिला, कोणी तो लगेच डिलीट करायला सांगितलं. एका काकांनी गुरुचरित्राचं पारायण सुचवलं, आणि एकूण सल्ल्यांत निदान तो तरी कशाशी विसंगत नव्हता.

जर्मनीत कायद्याचा सल्ला देणं हा ऐरागैऱ्याचा धंदा नव्हे, त्यासाठी वेगळा कायदा आहे. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर अधिकार लागतो. फुकट देतानाही पाठीशी कायदा शिकलेला माणूस हवा. सूट आहे ती नातेवाईक, शेजारी आणि जवळच्या ओळखीतल्यांना. हे वाचून मला त्या देशाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. आपली संपूर्ण न्यायव्यवस्था त्यांनी एका अपवादात बसवली आहे.

दुसरा टप्पा एजंटचा. तो पुण्यातच होता, वातानुकूलित केबिनमध्ये, भिंतीवर सहा देशांचे झेंडे. ताई-भावजी आणि मुलीचे वडील असे तिघे गेले. भाच्याच्या कार्डाबद्दल तो म्हणाला, "ते आपल्या हातात नाही." हे एकच वाक्य त्याने खरं सांगितलं. पण मुलीला पुढे जायचंच आहे, तर तिच्या कागदांना आत्ताच अपोस्टील करून ठेवू, असं म्हणून त्याने जन्मदाखला, पदवी आणि नऊ हजार रुपये ठेवून घेतले. पंधरा दिवसांनी कागदांच्या पाठीवर परराष्ट्र मंत्रालयाचा देखणा चौकोनी शिक्का आला. मुलीच्या वडिलांनी तो लॅमिनेट करायला टाकला होता, थोडक्यात वाचला.

तिसरा टप्पा वकील. तिथवर यायला नोव्हेंबर उजाडला.

ताईचं म्हणणं, वकील कशाला, आपण काही गुन्हा केलाय का? पैसे नसणाऱ्यांसाठी तिथे सोय आहे. स्थानिक न्यायालयातून चिठ्ठी आणली की वकिलाला पंधरा युरो देऊन भागतं. कारितास, डियाकोनी यांच्यासारख्या संस्थांची सल्ला केंद्रं तर पूर्ण मोफत. पण भाच्याचा पगार त्या चिठ्ठीत बसत नव्हता, आणि मोफत म्हटल्यावर ताईचा विश्वास बसत नव्हता. फुकट सल्ला घ्यायचा तर आपल्या माणसाचा.

वकीलबाई फक्त स्थलांतराच्याच केसेस बघणाऱ्या होत्या. वेगळा करार केला नसेल तर खाजगी माणसाच्या पहिल्या सल्ल्याला १९० युरोंहून जास्त घ्यायचे नाहीत, असं तिथल्या कायद्यातच आहे. वर १९ टक्के कर. एकूण २२६ युरो १० सेंट. भावजींनी ते रुपयांत काढलं आणि पाणी मागितलं.

बाईंनी कागद चाळले. अपोस्टीलचा शिक्का बघून त्या हसल्याचं भाचा सांगतो, पण जर्मन माणसाच्या बाबतीत नक्की सांगता येत नाही. अपोस्टीलच्या हेग करारात भारत २००५ साली आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली होती. त्यामुळे करारातल्या बहुतेक देशांत चालणारा तो शिक्का नेमका जर्मनीत चालत नाही. नऊ हजार रुपये. मुलीचे वडील अजून त्या एजंटला 'साहेब' म्हणतात, कारण मूळ पदवी त्याच्याकडून परत मिळाली.

मग बाईंनी एका अस्त्राचं नाव सांगितलं. उनटेटिशकाइट्सक्लागं. म्हणजे, कचेरी काहीच करत नाही म्हणून केलेला दावा. सबळ कारणाशिवाय तीन महिन्यांत निकाल दिला नाही, तर सरळ प्रशासकीय न्यायालयात जायचं. अर्जदाराने तोवर निकालाची अपेक्षा धरणं रास्त असेल, तर खर्चही कचेरीवर बसतो.

हे ऐकून भावजी उठून उभे राहिले. तीन महिने काही केलं नाही म्हणून सरकारवर दावा! आपल्याकडे अशी सोय झाली तर न्यायालयांसाठी आख्खा पुरंदर तालुका संपादित करावा लागेल, आणि त्याचा मोबदला वेळेत मिळाला नाही म्हणून पुन्हा दावे.

दावा करावा लागला नाही. बाई म्हणाल्या, आधी पत्र. पत्राचे पैसे वेगळे. ते पत्र मी पाहिलं आहे. दोन परिच्छेद. पहिल्यात, आमच्या अशिलाने जूनमध्ये अर्ज केला, कागद पुरे आहेत. दुसऱ्यात, अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर नाइलाजाने वर सांगितलेला मार्ग. खाली स्नेहपूर्वक नमस्कार. भाच्याच्या सात ईमेलांत याहून एक अक्षर कमी नव्हतं, उलट मुहूर्ताची तारीख जास्त होती. फरक एवढाच की या पत्राच्या माथ्यावर वकीलबाईंचं नाव छापलेलं होतं.

नवव्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं.

मी यावर बराच विचार केला. गॅसच्या सिलिंडरसाठी आमच्या वडिलांनी आमदारांचं पत्र आणलं होतं. टेलिफोनसाठी खासदारांचं. शाळाप्रवेशासाठी नगरसेवकांचं. या पत्रांना कंटाळून एक पिढी म्हणाली की मुलं तरी अशा देशात जाऊ देत जिथे काम नियमाने होतं. मुलं गेली. तिथे नियम आहे, चोख आहे, छापील आहे, आणि तो जागा व्हायला लेटरहेड लागतं.

"आपल्याकडे नगरसेवक फुकट देतो," भावजी म्हणाले.

"तिथे पावती मिळते," मी म्हणालो.

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

बोलावलं त्या दिवशी ठसे घेतले. फोटोचा किस्सा झाला. ताईने कोथरूडच्या स्टुडिओतून डझनभर फोटो छापून पाठवले होते. फोटोवाल्याने प्रेमाने डोळ्याखालची काळी वर्तुळंही पुसली होती. १ मे २०२५ पासून तिथे कागदी फोटो चालत नाहीत, थेट डिजिटल काढतात. वर्तुळांसकट निघाला. आता कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून यायचं, काही आठवडे लागणार. "तोपर्यंत?" भाच्याने विचारलं. समोरच्या बाईंनी ड्रॉवर उघडला आणि आणखी एक हिरवट घडीचा कागद काढला. तेरा युरो.

मानीव दाखल्याला मानीव मुदतवाढ घेऊन नवरदेव बोहल्यावर चढला. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटामागून तो खिसा चाचपत होता. लोकांना वाटलं, अंगठी.

परतीला नवरी नव्हती. तिची फाईल वेगळी. लग्नाचा दाखला हातात आल्यावर सुरू होणार. भाचा एकटा मुंबई विमानतळावर रात्री एकला काउंटरपुढे उभा राहिला. तिथल्या मुलीने संपलेलं कार्ड पाहिलं, हिरवा कागद उलटसुलट केला, उजेडात धरला, शेजारणीला दाखवला. मागे रांग खाकरू लागली. शेवटी सुपरवायझरला बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, डोंबिवलीकर, चष्मा कपाळावर. त्यांनी चष्मा खाली घेतला, फुलीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

भाच्याने कलम सांगायला सुरुवात केली, मग थांबला. "काका, कार्ड दिलेलं नाही. पण दिलंय असं मानायचं."

"म्हणजे मानीव?"

"मानीव."

"सोड गं त्याला," ते त्या मुलीला म्हणाले, आणि बोर्डिंग पास हातात देताना भाच्याकडे वाकून हळूच विचारलं, "यांचे उपनिबंधक किती दिवस लावतात?"