आमच्याकडे पिक्चर चालू आहे

(रंगमंचावर एक लोखंडी कॉट, एक प्लास्टिकची खुर्ची. टीव्ही प्रेक्षकांच्या जागी आहे असं धरायचं. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ. बनियन, बर्म्युडा. हातात रिमोट, त्याचं मागचं झाकण कधीच हरवलेलं, सेल रबरबँडने बांधलेले.)

या, बसा. बसलेलेच आहात म्हणा. पण आमच्याकडे काळाचौकीला आधी ‘बसा’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. कुठे बसायचं ते पाहुणा शोधतो.

तर महाराष्ट्र दिन आला शुक्रवारी. त्याला शनिवार-रविवार जोडून. ऑफिसात मंगळवारपासून एकच प्रश्न, “काय मग, कुठे?” कोणी अलिबाग, कोणी महाबळेश्वर, कोणी गावाला. मला विचारलं. मी म्हटलं, “घरी.” सगळे गप्प. एकाने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “घरी सगळं ठीक आहे ना? पैसे हवे असतील तर संकोच करू नकोस.”

अहो, पैसे नकोत मला! सुट्टीच्या दिवशी बोरघाटात चार तास पुढच्या टेम्पोचा मागचा भाग बघायचा आणि त्याला निसर्ग म्हणायचं, ते मला जमत नाही. मी ठरवलं होतं, घरी पाय पसरून जुने मराठी पिक्चर बघायचे. एक संपला की दुसरा. पाय पसरणं हा त्यातला अवघड भाग. खोली दहा बाय पंधरा. मी पाय पसरले की मुलाला गॅलरीत जावं लागतं.

रीतसर यादी केली. कागदावर लिहून फ्रिजवर ठेवली. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘पिंजरा’, ‘सामना’. हिने ती वाण्याकडे पाठवली! वाण्याचा फोन. “शेठ, कुंकू पाठवलंय. पिंजरा भांडीवाल्याकडे बघा. आणि माणूस आत्ता मोकळा नाही, दुपारनंतर पाठवतो.”

(खुर्चीत बसतो. रिमोट दाबतो. चालत नाही. तळहातावर आपटतो. चालतो.)

सुरुवात देवाच्या नावाने. ‘संत तुकाराम’. 1936, प्रभात, दामले-फत्तेलाल. हा पिक्चर गिरगावात सेंट्रलला 57 आठवडे चालला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम पिक्चरांत त्याची गणना झाली. आमचे आजोबा तेव्हा गिरणीत नवीन. ते म्हणे चपला काढून आत गेले. भक्ती होतीच. पण त्यांनी खरं कारण मला सांगितलेलं. चपला नव्या होत्या, त्या पिशवीत घालून मांडीवर ठेवल्या होत्या.

आमची आई कॉटवर. वय पंच्याऐंशी. मालवणी. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तिला नको ते सगळं दिसतं. शेवटी तुकोबांना न्यायला विमान येतं. मी हात जोडले. ही पण पदर सावरून बसली. आई म्हणते, “तो गेलो वर. आता त्या आवलीन पोरां कशी वाढवायची?” वैकुंठगमन बघून घरखर्चाचा हिशोब मांडणारी बाई! पण खोटं नाही हो. ती आवली, गौरीबाईंनी केलेली, तिला बघून वाटतं ही आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. नळावर भांडून आलीय आणि आता नवऱ्याला जेवायला वाढतेय.

आता एक चूक झाली. दार उघडं होतं. चाळीत दार लावून पिक्चर बघायचा म्हणजे घरात काहीतरी भानगड आहे. म्हणून दार उघडं. उघडं दार आणि आतून जुनं गाणं, म्हणजे आमंत्रणपत्रिकाच छापली की हो! शेजारच्या काकू आल्या, “मिक्सर आहे का?” आणि मिक्सर मांडीवर घेऊन बसल्या. वरचे अण्णा पेपर परत करायला आले, पेपर अंथरून बसले. पोरं उंबऱ्यावर. तळमजल्यावरचा एकजण तर आत डोकावून म्हणाला, “कोण गेलं?” गर्दी बघितली ना त्याने!

मग लावला ‘मुंबईचा जावई’. राजा ठाकूर, 1970. याच्यावरूनच दोन वर्षांनी बासु चटर्जींनी हिंदीत ‘पिया का घर’ केला, जया भादुरीला घेऊन. गोष्ट काय? नवीन लग्न झालेलं जोडपं, मुंबईतलं भरलेलं घर, आणि दोघांना एकांत मिळत नाही. संपली गोष्ट. लंडनच्या माणसाला ही कॉमेडी वाटेल. आमच्यासाठी माहितीपट आहे!

आमचं लग्न झालं तेव्हा काय होतं? कॉटवर आई-बाबा. कॉटखाली धाकटा भाऊ. माळ्यावर गावाहून नोकरी शोधायला आलेला मामेभाऊ, आणि आम्ही दोघं मोरीच्या कठड्याला डोकं लावून. मी हिला हळूच म्हणायचो, “झोपलीस?” माळ्यावरून उत्तर यायचं, “नाय, जागो आसंय.”

म्हणून आम्ही जायचो भारतमाताला. लालबागला चालत. मराठी पिक्चर, परवडणारं तिकीट. लोकांना वाटायचं काय हौस आहे या दोघांना सिनेमाची! सिनेमा कसला, तीन तास दोन खुर्च्या हक्काच्या मिळायच्या. वर अंधार. परवा मी हिला विचारलं, “आपण पहिला पिक्चर कुठला बघितला गं?” हिला आठवेना. मला आठवेना. हिला फक्त आठवतंय की मागच्या रांगेत आमचा अख्खा दुसरा मजला बसला होता.

(उठतो. दोन पावलं चालतो. भिंत आली म्हणून परत फिरतो.)

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिंदी पिक्चरमधला हिरो पोरीच्या मागे असतो. मराठी पिक्चरमधला हिरो जागेच्या मागे असतो! पोरगी मिळते हो. पोरगी इंटरव्हलपर्यंत मिळते. खोली शेवटपर्यंत मिळत नाही. आमच्या सिनेमाची खरी नायिका म्हणजे जागा. श्रेयनामावलीत पहिलं नाव तिचं पाहिजे. ‘सिंहासन’ घ्या. मुख्यमंत्र्यांचं राज्य, एवढा मोठा पिक्चर, पण शेवटी भांडण कशावरून? बसायच्या जागेवरून.

‘सिंहासन’ आम्ही शनिवारी लावला. 1979. जब्बार पटेल, अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉक्टर लागू अर्थमंत्री, आणि निळू फुले पत्रकार. दिगू टिपणीस. सरळ माणूस. सगळं बघतो, सगळं ऐकतो, कोणाला त्रास नाही. पण आमच्या आईने निळूभाऊंना तीस वर्षं सरपंच, पाटील, साखरसम्राट म्हणून बघितलेलं. तिचा विश्वास बसेना.

“हेच्यावर लक्ष ठेव.”

“आई, तो चांगला आहे यात.”

“आता चांगलो दिसतलो. थांब वायच.”

दर पाच मिनिटांनी. तो मंत्र्याला भेटला, “बघ.” तो गप्प उभा राहिला, “बघ, कायतरी शिजता.” त्याने फोन उचलला तर आईने काकूंच्या सुनेला सावरून बसायला सांगितलं. फोनवर होता हो तो! आणि पिक्चरच्या शेवटी दिगू टिपणीस ते सगळं राजकारण बघून वेड्यासारखा हसत सुटतो. सुन्न करणारा शेवट. खोलीत कोणी हलेना. आणि आई मांडीवर थाप मारून म्हणते,

“मी तुका सांगलंय नाय?”

(थांबतो.)

त्यात एक कामगार पुढारी आहे. डिकास्टा. सतीश दुभाषींनी केलेला. तो आला की बाबा टीव्हीच्या जवळ सरकून बसायचे. बाबा गिरणीत, रात्रपाळी. त्यामुळे आमचं लहानपण आवाज बंद करून पिक्चर बघण्यात गेलं. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर, चाळीत टीव्ही एकाच घरात, तो आमच्या शेजारी. बाबा पाळीवर जायच्या आधी झोपलेले. मध्ये पातळ फळ्यांची भिंत. म्हणजे तिकडच्या टीव्हीचा आवाज कमी. तीस माणसं ओठ वाचायची. विनोदी पिक्चर असला तर हसायचंसुद्धा तोंडावर टॉवेल धरून.

मग 18 जानेवारी 1982. डॉक्टर सामंतांचा संप. अडीच लाख माणसं घरी. बाबांना पहिल्यांदा शनिवारचा पिक्चर आवाजासकट बघायला मिळाला. पुढचा शनिवार. त्याच्या पुढचा. तो संप मागे घेतला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. म्हणजे कागदोपत्री बाबांची सुट्टी अजून चालू आहे. बाबा गेले, सुट्टी चालूच.

(रिमोट दाबतो.)

दादा कोंडके लावू. काय?

दादा आमचे. नायगावचे. गिरणगावच्या बँडपथकात वाजवणारा पोरगा. ‘सोंगाड्या’, 1971. दादरच्या कोहिनूरला लागेना, तर शिवसेनाप्रमुखांनी लावायला लावला, आणि पुढे ओळीने नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी. गिनीज बुकात नोंद. मी मात्र दादांचे पिक्चर उलटे बघितलेत. उलटे म्हणजे? गणपतीत गल्लीत पडदा लावायचे. पांढरं कापड, सोळा एमएमचं मशीन. ज्यांनी वर्गणी वेळेवर दिली ते पडद्यापुढे. आमचे वडील संपावर, तेव्हा आम्ही पडद्यामागे. मागूनही दिसतं सगळं, फक्त डावं ते उजवं. नावं उलटी. मला कित्येक वर्षं वाटायचं दादा डावखुरे आहेत. आणि ती चड्डीची लोंबणारी नाडी! पुढच्या पोरांशी माझं त्यावरून भांडण, नाडी कुठल्या बाजूला. डोकी फुटली आहेत गल्लीत.

लहानपणी दादांच्या वाक्याला मोठे हसायचे म्हणून आम्ही हसायचो. अर्थ कळत नव्हता. आता अर्थ कळतो, पण हसता येत नाही, ही बघत असते! दादांनी वाक्य टाकलं की अख्खी खोली पंख्याकडे बघते. अण्णा चष्मा पुसतात. काकू मिक्सरचं झाकण घट्ट करतात. आणि त्या शांततेत एकच माणूस खदाखदा हसतं. आई. “आवशीक खाव तेच्या,” म्हणते, “परत लाव रे तां!”

रविवारी सकाळी बायकांनी रिमोट ताब्यात घेतला. ‘माहेरची साडी’. 1991, विजय कोंडके, अलका कुबल. मी विरोध केला. मत विचारलं नव्हतं असं कळलं. खोलीत अकरा बायका, त्यात चार सासवा आणि चारही जणींच्या सुना. उषा नाडकर्णींनी छळायला सुरुवात केली, तशा सुना पदर डोळ्याला लावून हळूच आपापल्या सासूकडे बघायला लागल्या. सासवा पण रडत होत्या हो. पण त्या अलकासाठी रडत होत्या, स्वतःकडे कोणी बघतंय हे त्यांना माहीत नाही. पिक्चर संपला. आमच्या आईने नेहमीच्या सवयीने हाक मारली, “चाय ठेवतंस गो?”

अकरा माना वळल्या.

चहा मी केला.

(कपात चमचा ढवळल्याचा अभिनय.)

शेवटचा पिक्चर ठरलेलाच. ‘अशी ही बनवाबनवी’. 1988. सचिनचं दिग्दर्शन, मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची. ती हिंदीत कोणाला आठवतही नाही. मराठीत हा टीव्हीवर लागला की लोक जेवणाचं ताट घेऊन तसेच उभे राहतात. आता सांगा, गोष्ट कशाची? जागेची! लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार. म्हणून दोन धडधाकट पुरुष मिशा उतरवून साड्या नेसतात. भाड्याच्या खोलीसाठी! रोमिओने ज्युलिएटसाठी मिशी काढली असती? विचारा.

सगळी चाळ जमलेली. पोरांना तर संवाद नटाच्या आधी येतात. सरपोतदारांच्या औषधाच्या सत्तर रुपयांचा प्रसंग आला. अशोक सराफ तोंड उघडणार, तेवढ्यात,

(टक टक.)

दारात एक माणूस. शर्ट खोचलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत फाईल. “नमस्कार. रीडेव्हलपमेंटचं संमतीपत्र. सही हवी होती.” फाईल उघडली. चित्र. चाळीच्या जागी टॉवर. खाली बाग, कारंजं, आणि कारंज्याजवळ एक गोरी बाई कुत्रा घेऊन उभी. काकू म्हणाल्या, “ही कुठल्या मजल्यावरची?”

तो सांगतोय, स्वतंत्र बेडरूम, लिफ्ट, दाराला सेफ्टी लॉक. अण्णांनी विचारलं, “दार लावल्यावर बाहेरून पिक्चर दिसेल का?” तो म्हणाला, “नाही काका, प्रायव्हसी.” अण्णा खट्टू झाले.

आईने चष्मा लावला. फाईल बघितली नाही. त्या माणसाकडे बघितलं. वरून खाली. मग मला जवळ बोलावून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते,

“तोंडावळो निळू फुल्यासारखो नाय?”

तो बिचारा घामाघूम. म्हणाला, “आजी, फक्त सही.” मी म्हटलं, “साहेब, सत्तर रुपयांचं होऊन जाऊ दे, मग बघू.” तो बसला. काठावर. मग मागे सरकला. मग फाईल खाली ठेवली. लक्ष्या पार्वती होऊन आला तेव्हा तो काकूंच्या मिक्सरवर थाप मारून हसत होता. फाईलवर कोणीतरी कांदाभज्यांची ताटली ठेवली, तीही त्याने संपवली.

पिक्चर संपला. दिवे लावले. डोळे पुसत तो आईला म्हणतो, “आजी, आता पुढचा कुठला?”

आई म्हणाली, “‘सिंहासन’. बस हंयसर. तुझ्या कामाचो आसा.”

(काळोख.)